‘ट्रिगरपेक्षा कीबोर्डच जास्त’: एका प्रतिक्रियेला उत्तर

ड्राय फायरसाठी, म्हणजे जिवंत काडतुसाविना चाप ओढायच्या सरावासाठी, डमी राउंड (दारू नसलेली खोटी काडतुसं) कोणते वापरावेत, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘एक जुना नेमबाज’ या नावानं लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिथेच दोन ओळी लिहून विषय मिटवणार होतो, पण उत्तर वाढत गेलं म्हणून इथे टाकतोय. प्रतिक्रियेचा गोषवारा असा: विकतचे डमी ही हौशी लोकांची चैन आहे. उडवलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात) नुसती गोळी बसवायची, दारू घालायची नाही, बाजूला भोक पाडायचं, प्रायमरच्या (पुंगळीच्या बुडाशी असलेल्या, पिनच्या मारानं पेटणाऱ्या टोपीच्या) जागी खोडरबराचा तुकडा कोंबायचा, झालं काम. आजच्या सेंटरफायर पिस्तुलांना (ज्यांत पिन काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर मारते) तर तेवढंही लागत नाही. लेखातला पॉइंट टू-टूचा (.२२ बोअरच्या बंदुकांचा) परिच्छेद चुकीचा आहे. आणि शेवटी हे, जसंच्या तसं: ‘लेखकाने आयुष्यात ट्रिगरपेक्षा कीबोर्डच जास्त दाबलेला दिसतो.’

तर साहेब, शेवटापासूनच सुरुवात करू.

पहिले आठ महिने माझ्या प्रशिक्षकांनी मला एकही जिवंत काडतूस हातात दिलं नव्हतं. रिकामं पिस्तूल, समोर कोरी भिंत आणि नळीवर ठेवलेलं एक नाणं. चाप ओढताना नाणं घसरलं की मोजणी पुन्हा एकपासून. रोज शंभर वेळा. दहा मीटर एअर पिस्तुलाचा चाप (म्हणजे तो ओढायला लागणारा जोर) नियमानं किमान पाचशे ग्रॅमचा, पंचवीस मीटरवरच्या पिस्तुलाचा किमान हजार ग्रॅमचा. पाचशेवरून हजारावर गेलो तेव्हा तर्जनी आठवडाभर रुसली होती, अजून आठवतं. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. हे मिरवायला सांगत नाही. आपण विचारलंत म्हणून सांगतो. खरं तर आपण विचारलंच नाहीत, थेट निकाल दिलात.

मुद्दा चुकीचा असेल तर ‘इथे चुकलं’ एवढं लिहिलं तरी पुरतं. माझ्या लेखाखाली नवी मुलं प्रश्न विचारतात, त्यातली काही तर बंदुकीला हात लावायच्या आधी विचारतात, आणि ती आपली भाषाही वाचतात. जुन्या माणसानं असं बोलायचं असतं, हेही मग ती शिकतात. असो.

आता जे मान्य करायचं ते मान्य करतो. ‘डमी राउंड’ आणि ‘स्नॅप कॅप’ हे दोन शब्द मी लेखात एकाच अर्थानं वापरले. ते बरोबर नव्हतं. स्नॅप कॅपमध्ये प्रायमरच्या जागी स्प्रिंगवर बसवलेली टोपी किंवा रबरासारखं काहीतरी असतं, फायरिंग पिनचा मार झेलायला. डमी राउंडला ते असेलच असं नाही. मॅगझीन भरणं, काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) जातं का, बाहेर नीट फेकलं जातं का, हे बघण्यापुरताही तो असू शकतो. पॉइंट टू-टूमध्ये हा फरक महत्त्वाचा, कारण तिथे पिन मध्यावर नाही, काठावर मारते. चेंबर रिकामं असेल तर काही बंदुकांत ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते आणि कडेला खड्डा पडतो. बाजारात मिळणारे पॉइंट टू-टूचे अ‍ॅल्युमिनियमचे डमी बहुतेक हाताळणीसाठीच असतात, दहा-वीस ठोक्यांत त्यांची कड चेपते. भिंतीत स्क्रूआधी ठोकतात ती प्लास्टिकची गिट्टी कितीतरी जण या कामाला वापरतात, आणि बसली नीट तर चालते. हे लेखात यायला हवं होतं. दुरुस्ती केली आहे. धन्यवाद.

पण या एका वाक्याच्या बळावर आपण सगळा लेखच मोडीत काढलात, ते नाही मान्य.

खोडरबराचं घ्या. मीही वापरलंय. नवं असताना छान दबतं, मग वाळतं, कडक होतं, आणि एक दिवस त्याचा भुगा पिनच्या भोकात जाऊन बसतो. तो टाचणीनं कोरून काढत बसायची वेळ आपल्यावर कधी आली नसेल तर आपण भाग्यवान. काही जण उडालेला प्रायमर तसाच ठेवतात. त्यात आधीच खळगा पडलेला असतो, पिन त्याच खळग्यात जाते, म्हणजे आधार काहीच नाही. शिवाय घरी बसवलेली गोळी स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) धक्क्यानं दर वेळी थोडी थोडी आत सरकते. काडतूस आखूड होतं, अडकायला लागतं, आणि माणूस मॅगझीनला शिव्या घालतो.

तरी हे सगळं किरकोळ. माझा खरा आक्षेप रंगाला आहे: घरचा डमी जिवंत काडतुसासारखाच पितळी दिसतो. लेखात त्याला चारच ओळी दिल्या होत्या आणि आपण त्या ‘बाळबोध’ म्हणून उडवून लावल्यात.

आमच्या क्लबात एका ज्येष्ठांनी बनवलेल्या घरगुती डमींचा एक पत्र्याचा डबा होता. पॉइंट थ्री-टूचे (.३२ बोअरचे), वॅडकटर, म्हणजे सपाट तोंडाच्या गोळीचे. वॅडकटरची गोळी पुंगळीच्या तोंडाशी सपाट बसते, बाहेर काही डोकावत नाही. पितळ तेच, आकार तोच. भोकं होती, आपण सांगता तशीच, व्यवस्थित पाडलेली. एका संध्याकाळी सराव संपल्यावर डबा भरताना मी मोजले. दहा असायला हवे होते. अकरा निघाले. पुन्हा मोजले, अकराच. मग एकेक उचलून दिव्याखाली फिरवला. आठवा की नववा उलटा केला तर खाली प्रायमर, गुळगुळीत, चकचकीत, एक ओरखडा नाही. भोक कुठेच नव्हतं. तो कुणी टाकला, कधी टाकला, कळलं नाही. त्या दिवशी मी त्याच डब्यातून पाच-पाच उचलून मॅगझीन भरत होतो, न बघता, गप्पा मारत. तो माझ्या हाताला लागला नाही, एवढंच.

‘भोक असतं की!’ असं आपण म्हणाल. असतं. पण डब्यात पडल्यावर ते खालच्या अंगाला वळलं तर दिसत नाही, आणि मॅगझीनमध्ये गेलं की पत्र्याच्या भिंतीआड जातं, वरून दिसतं ते फक्त पितळ. लाल प्लास्टिकचा किंवा रंग चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा डमी कुठूनही बघा, तो पितळेचा नाही हे कळतं. सैन्यातही भोकंच पाडतात, हा आपला दाखला. पाडतात. काही प्रकारांत पुंगळीवर उभ्या खोबणीही असतात, अंधारात बोटाला कळाव्यात म्हणून. आणि तिथे ते मोजून देतात, मोजून परत घेतात. आपण घरी मोजता का?

घरी बनवूच नका, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा, चष्मा लावून वाचा. बनवा, पण पितळ पितळासारखं दिसू देऊ नका. सगळ्या पुंगळीला रंग द्या, चेंबरमध्ये घट्ट होणार नाही इतका पातळ. डबा वेगळा, आणि जिवंत काडतुसं त्या खोलीतच नकोत, शेजारच्या खोलीत. चेंबर आणि मॅगझीन सुरुवातीला बघायचं, मध्ये चहाला उठलात तर परत आल्यावर पुन्हा बघायचं. एवढं करून जर आपला डमी माझ्या विकतच्या डमीइतकाच चांगला ठरत असेल तर ठरू दे, माझं काही जात नाही.

आधुनिक सेंटरफायर पिस्तुलांबद्दल आपण बराच मजकूर लिहिला आहे. त्यावर माझं भांडणच नाही, बंदुकीबरोबर आलेलं पुस्तक जे सांगतं ते करावं. जुन्या दुनळी शॉटगनबद्दल मात्र आपण अवाक्षर काढलेलं नाही. तिथे रिकाम्या चेंबरवर घोडे पाडून पिन तुटल्याची उदाहरणं हवी तेवढी आहेत, आणि अर्ध्या घरांत बंदूक म्हणजे आजोबांची तीच. बाकीच्या चार मुद्द्यांना उत्तर देत नाही, त्यातले दोन एकमेकांना खोडतात, ते आधी आपणच मिटवा.

पुढची प्रतिक्रिया लिहाल तेव्हा एक करा. कपाटातला तो आपला डबा खाली उतरवा, टेबलावर ओता आणि मोजा. आकडा लिहा. कीबोर्डवरच लिहावा लागेल, त्याला माझा इलाज नाही.