शून्य टक्क्यांचा फ्रीज

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. पोस्ट मोठी आहे, पण सणासुदीला हप्त्यावर काही घ्यायचा विचार असेल तर कृपया पूर्ण वाचा.

मी ३१ वर्षं पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर काढली. व्याज किती, हप्ता किती, दंड किती, हे रोज लोकांना तोंडाने सांगायचं आणि कागदावर लिहून द्यायचं काम होतं. त्यामुळे "शून्य टक्के व्याज, काहीच खर्च नाही" अशी पाटी दिसली की माझं लक्ष आपोआप खालच्या बारीक अक्षरांकडे जातं. पण आमच्या शेजारच्या मुलीचं तसं नाही. ती अंगणवाडीत मदतनीस आहे, दोन लेकरं आहेत, नवरा टेम्पो चालवतो. तिने पाटी वाचली आणि विश्वास ठेवला. विश्वास ठेवण्यात तिची काय चूक?

२०२५ च्या जूनमध्ये ती पासबुक घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "काकू, जरा बघता का? शंभर रुपये भरले तरी बँक पैसे कापतीय."

पासबुकात मे महिन्याच्या शेवटी दोन नोंदी होत्या. ४३६ रुपये आणि २० रुपये. ह्या पंतप्रधान जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याच्या, दरवर्षी त्याच सुमारास आपोआप कापल्या जातात. त्यामुळे हप्त्याच्या दिवशी खात्यात उरले २,९४०. फ्रीजचा हप्ता होता ३,००० चा, आणि तोही शेवटचा. ६० रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. बँकेने परतीचे २९५ कापले. तिच्या डोक्यात २,९४० चाच आकडा होता, म्हणून तिने अंगणवाडी सुटल्यावर धावत जाऊन १०० रुपये भरले. पण खात्यात तोवर २,६४५ च राहिले होते. शंभर घालून २,७४५ झाले. चार दिवसांनी कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपनीने पुन्हा हप्ता ओढला, पुन्हा परत गेला, पुन्हा २९५ गेले. वर कंपनीचे बाऊन्स चार्ज, म्हणजे हप्ता परत गेल्याचा दंड, ४५०. साठ रुपयांच्या तुटीला एकूण १,०४० रुपये.

ती रडत नव्हती, पण पासबुकाची कड बोटाने सारखी दुमडत होती. मी म्हटलं, "अगं, आधी फ्रीजची सगळी कागदं घेऊन ये."

कागदं पसरून बसलो. २०२४ च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला घेतलेला फ्रीज. किंमत ३६,०००. स्कीम "बारा-चार". ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: हप्ते बारा, त्यातले चार त्याच दिवशी काउंटरवर भरायचे, उरलेले आठ दरमहा. म्हणजे ३,००० चे चार हप्ते, १२,००० रुपये, पहिल्याच दिवशी गेले. त्याशिवाय प्रोसेसिंग फी जीएसटीसकट ८२६. कंपनीच्या ईएमआय कार्डाचे ५३०. आणि वाढीव वॉरंटीचे २,४९९. ही वॉरंटी घेतली नाही तर लोन पास होत नाही असं तिला सांगितलं होतं. सणाच्या गर्दीत, पोरं कडेवर, बाहेर टेम्पो उभा. तिने १५,८५५ रुपये मोजून दिले आणि घरी येऊन फ्रीजला हार घातला.

आता खरी गोष्ट. त्याच आठवड्यात, त्याच दुकानातून, तेच मॉडेल माझ्या भाच्याने घेतलं होतं. पैसे एकदम दिले होते. त्याच्या बिलावर आकडा होता ३३,५००.

मी दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "मला कुणी सांगितलंच नाही की असापण भाव आहे."

पतसंस्थेत बसून जे शिकले ते इथे वापरते. एखाद्या कर्जाची खरी किंमत काढायची तर त्या दिवशी माणसाला नेमकी किती रुपयांची मदत झाली ते आधी बघायचं. फ्रीज रोख ३३,५०० ला मिळत होता. वॉरंटी तर मी हिशोबातच धरत नाही. बाकीचे तिने पहिल्या दिवशी १३,३५६ दिले. म्हणजे कंपनीने तिला खरं कर्ज दिलं २०,१४४ रुपयांचं. त्याच्या बदल्यात तिने आठ महिन्यांत २४,००० फेडायचे. जास्तीचे ३,८५६. घटत्या शिल्लकेवर, म्हणजे दर महिन्याला जेवढं कर्ज उरतं तेवढ्यावरच, याचा दर काढला तर वर्षाला ४८ टक्क्यांच्या वर जातो. मी तीनदा हिशोब केला, कारण माझाच विश्वास बसेना. आमच्या पतसंस्थेत तेव्हा १४ टक्के होते आणि लोक तोंडावर म्हणायचे की तुमचं व्याज फार आहे. तेवढेच २०,१४४ आठ महिन्यांसाठी आमच्याकडून घेतले असते तर व्याज ११०० च्या आत बसलं असतं.

मी त्या दुकानात जाऊन आले. भांडायला नाही, विचारायला. मालक ओळखीचा आहे, खरं बोलला. म्हणाला, "काकू, फायनान्स कंपनी मला पूर्ण ३६,००० देत नाही, तिचा वाटा कापून देते. रोखवाल्याला मी तेवढेच सोडतो. हप्तेवाल्याला सोडले तर मला परवडत नाही." म्हणजे व्याज घेतलं जातंच, फक्त ते दुकानदाराकडून वळतं होतं आणि वस्तूच्या भावात बसवलं जातं. काही वेळा हा भार वस्तू बनवणारी कंपनी स्वतः उचलते. तेव्हा रोख आणि हप्ता दोन्हीला भाव खरोखर एकच असतो, आणि अशी स्कीम मिळाली तर जरूर घ्यावी. पण आपल्यापुढची स्कीम कुठली आहे हे पाटी सांगत नाही.

ऑनलाइन खरेदीत, क्रेडिट कार्डावर हे वेगळ्या वाटेने होतं. समजा ३०,००० चा मोबाइल, सहा हप्ते, प्रत्येकी ५,०००. "नो कॉस्ट". आत काय चालतं तर बँक १६ टक्क्यांनी व्याज लावतेच, साधारण १,३५२ रुपये, आणि तेवढीच सूट किमतीत आधी दाखवली जाते. बेरीज जुळते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, कारण साध्या कर्जाच्या व्याजाला जीएसटी माफ आहे, क्रेडिट कार्डाच्या व्याजाला नाही. ते झाले २४३ रुपये. प्रोसेसिंग फी १९९ धरली तर जीएसटीसकट २३५. म्हणजे ४७८ रुपये, जे खरेदीच्या पानावर ठळक कुठेच नसतात, पुढच्या महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये सुट्या सुट्या ओळींत येतात. शिवाय मधेच पैसे आले आणि कर्ज मिटवायचं म्हटलं तर अनेक बँका उरलेल्या रकमेवर फी घेतात. वस्तू परत केली तरी प्रोसेसिंग फी बहुधा परत मिळत नाही.

आणि हे सगळं रिझर्व्ह बँकेला माहीत नाही असं नाही. सप्टेंबर २०१३ मध्येच तिने बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नसते, क्रेडिट कार्डावरच्या अशा योजनांत व्याज प्रोसेसिंग फीच्या आड लपवून ग्राहकाकडून घेतलं जातं. त्या योजना बंद करायला सांगितल्या. मग "झीरो पर्सेंट" च्या जागी "नो कॉस्ट" हा शब्द आला आणि काउंटरवरच्या पोरांच्या तोंडी तर "झीरो" अजूनही आहे. शब्द बदलला, हिशोब तोच राहिला.

त्यानंतर एक चांगला नियम आला. १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, देणं बंधनकारक झालं. त्यात सगळे चार्ज धरून वर्षाचा एकूण दर, एपीआर, लिहायचा. कर्जदाराला कळेल अशा भाषेत लिहायचा आणि समजावून सांगायचा. त्यात नसलेला चार्ज कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. क्रेडिट कार्डाची थकबाकी मात्र यातून वगळली आहे. हिचा फ्रीज नियम लागू झाल्यावर अकरा दिवसांनी आला. केएफएस होतं का? होतं. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकमध्ये, इंग्रजीत. ती सातवी शिकलेली आहे. त्यात एपीआर होता ९.४ टक्के, तोही तिने पहिल्यांदा माझ्यासोबत पाहिला.

म्हणजे पाटीवर शून्य, कागदावर ९.४ आणि घरच्या हिशोबात ४८. तीन आकडे, एकच फ्रीज.

९.४ हा आकडा खोटा नाही. ८२६ ची प्रोसेसिंग फी धरून तो तेवढाच येतो. पण त्यात सगळ्यांत मोठा खर्च नाही, म्हणजे तिला न मिळालेले रोख भावातले २,५०० रुपये. ते कर्जाच्या कागदावर येतच नाहीत, कारण कर्ज कंपनी म्हणते की तो दुकानाचा भाव आहे, आणि दुकान म्हणतं की तो कर्जाचा खर्च आहे. दोघांच्या मधल्या फटीत ते पैसे पडतात. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर येऊन थांबतं. हप्त्याच्या प्रत्येक पाटीवर, प्रत्येक बिलावर आणि प्रत्येक केएफएसमध्ये त्याच वस्तूची त्या दिवशीची रोख किंमत लिहिणं सक्तीचं करा. एवढंच. मग ज्याला हप्ताच सोयीचा आहे तो डोळे उघडे ठेवून घेईल. हप्ता वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाही. एकदम ३३,५०० काढणं तिला जमणारच नव्हतं आणि घरात फ्रीज हवाच होता, उन्हाळ्यात दूध नासत होतं. पण ज्याच्या हातात रोख आहे त्याला स्वस्त आणि ज्याच्या हातात नाही त्याला महाग, आणि वर त्यालाच सांगायचं की तुला हे फुकट दिलंय, याची मला चीड येते.

काउंटरवरच्या पोरांवर राग काढू नका, ही हात जोडून विनंती. त्यांना टार्गेट असतं, वॉरंटी किती विकल्या याची रोज विचारणा होते. माझ्या मैत्रिणीचा मुलगा तेच काम करतो, मला माहीत आहे.

तिचं पुढे काय झालं तेही सांगते. एकूण खर्च झाला ४०,८९५. भाच्याच्या बिलापेक्षा ७,३९५ जास्त. आम्ही कंपनीच्या तक्रार विभागाला मराठीत पत्र लिहिलं, दोन्ही बाऊन्सच्या तारखा टाकल्या, वॉरंटी सक्तीने दिल्याचं लिहिलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तक्रार ऑनलाइन करता येते आणि माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे. ते आम्ही पत्रातच लिहून टाकलं. सव्विसाव्या दिवशी बाऊन्स चार्जचे ४५० परत आले. वॉरंटीबद्दल उत्तर आलं की ग्राहकाची सही आहे. सही आहेच, टॅबच्या काचेवर बोटाने केलेली.

बँकेच्या दोन २९५ पैकी एकही परत आला नाही.

आता मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, दुकानात शिरल्यावर हप्त्याचं नावही काढू नका. आधी विचारा, "रोख घेतलं तर शेवटचा भाव काय?" तो कागदावर लिहून घ्या. मग म्हणा, "ह्याच भावावर हप्ते करून द्या." नाही म्हणाले तर जो फरक आहे तेच तुमचं व्याज. वॉरंटीशिवाय लोन होत नाही म्हणाले तर तसं लेखी मागा. केएफएस मराठीत मागा, तिथेच वाचा, मग ओटीपी द्या. आणि मे महिन्याच्या शेवटी विम्याचे ४५६ रुपये कापले जातात हे लक्षात ठेवून जूनच्या हप्त्याला खात्यात जास्तीचे ठेवा.

तुमच्यापैकी कुणी गेल्या दोन वर्षांत हप्त्यावर काही घेतलं असेल आणि तेच मॉडेल कुणी ओळखीच्याने रोखीत घेतलं असेल, तर दोन्ही बिलांचे फोटो नाव-नंबर झाकून कमेंटमध्ये टाका. मी प्रत्येकाचा दर काढून देईन. बिलं जमली की सगळी एकत्र करून रिझर्व्ह बँकेला आणि ग्राहक व्यवहार मंत्रालयाला पाठवणार आहे. पहिली दोन आमचीच आहेत.