मावशी, ती जाळी उघडी ठेव

परवा मावशीकडे गेलो तर स्वयंपाकघरात शिरताच कोंदलं. वर बघितलं. ओट्यावरच्या झरोक्याची जाळी पुठ्ठ्यानं बंद केलेली, चारही बाजूंनी खाकी चिकटपट्टी. नव्या कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा. विचारलं तर म्हणाली, "मेसेजमध्ये आलं होतं ना. पाइपचा गॅस खाली बसते म्हणे. मग वरची जाळी काय कामाची? कूलरची हवा तेवढी जाऊन राहिली होती."

तिच्या इमारतीत पाइपचा गॅस नुकताच आलाय. मेसेज तिच्या भिशीच्या ग्रुपवरून आला, आठवड्याभरात आमच्या स्टाफरूमपर्यंतही पोचला. 'पाइपगॅस घेण्याआधी हे वाचा, सर्वांना पाठवा.' त्यात पाच गोष्टी आहेत: गॅस जड असतो म्हणून वरची जाळी बंद करा आणि गळती झालीच तर एक्झॉस्ट लावा, त्याला वास नसतो, एका घरात आग लागली तर ती पाइपमधून अख्ख्या इमारतीत पसरते, नागपूरच्या उन्हाळ्यात गॅस फुगतो आणि बिल दुप्पट येतं, आणि गॅस आपल्याच समुद्रातला, तरी पैसे लुटतात.

मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. पहिल्याच मुद्द्यावर माझं डोकं फिरलं.

सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यांचा रेणुभार ४४ आणि ५८, हवेचा सरासरी २९. म्हणून सिलिंडरचा गॅस गळला की फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, आणि त्याला बाहेर पडायला खालच्या बाजूला वाट ठेवावी लागते. पाइपनं येतो तो नैसर्गिक वायू, म्हणजे मुख्यतः मिथेन. रेणुभार १६. हवेच्या जवळजवळ निम्मा. तो वर जातो, छताशी साचतो. त्याला बाहेर पडायला घरात जी एक वाट होती, ती मावशीनं पुठ्ठ्यानं बुजवली. कोणीतरी सिलिंडरची सूचना उचलून पाइपच्या गॅसला चिकटवली आणि हजारो बायकांना पाठवून दिली.

एक्झॉस्टचं तर त्याहून वाईट. वास आला की घरातलं कुठलंही बटण दाबायचं नाही, चालूही नाही आणि बंदही नाही. बटणात ठिणगी पडते. खिडक्या-दारं उघडा, मीटरजवळचा व्हॉल्व्ह बंद करा, घराबाहेर पडा आणि फोन बाहेरून करा.

ज्याला हे अतिरंजित वाटत असेल त्याने टेक्सासमधल्या न्यू लंडनच्या शाळेबद्दल वाचावं. १८ मार्च १९३७. शाळेला तेलक्षेत्रातला नैसर्गिक वायू जोडलेला होता. तो गळून इमारतीखालच्या बंद पोकळीत साचत राहिला, कारण निघायला वाट नव्हती. वास नव्हता, म्हणून कोणाला कळलं नाही. कार्यशाळेत लाकूड घासायचं विजेचं यंत्र सुरू केलं, ठिणगी पडली आणि इमारत उडाली. सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. बंद जागा आणि विजेची ठिणगी. मेसेज नेमक्या याच दोन गोष्टी करायला सांगतो.

वासाचं उत्तरही तिथेच आहे. मूळ वायूला वास नसतो, हे खरं. पण त्या स्फोटानंतर टेक्सासनं वायूत वास मिसळणं कायद्यानं बंधनकारक केलं आणि पुढे ते जगभर रूढ झालं. आपल्याकडेही घरात येणाऱ्या गॅसमध्ये मरकॅप्टन जातीचं उग्र वासाचं रसायन मिसळतात. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के असेल तरच पेटतो, आणि त्याच्या खूप आधी, साधारण १ टक्क्यालाच, नाकाला कळावा असा हिशेब असतो.

आग पाइपमधून पसरण्याचं थोडक्यात सांगतो. पाइपच्या आत हवाच नसते, मग ज्वाला आत शिरून जळेल कशावर? आणि दाब म्हणाल तर शेगडीपाशी जेमतेम २१ मिलिबार. बादलीत वीतभर पाणी घातलं तर तळाशी जेवढा दाब पडतो तेवढा. सिलिंडरच्या आत याच्या शेकडो पट असतो.

बिलाच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा खरा आहे, आणि हे मला नाइलाजानं लिहावं लागतंय. वायू तापला की फुगतो. १५ अंशांना १ घनमीटर असलेला वायू ४५ अंशांना १.१ घनमीटर भरतो. साधं मीटर फक्त आकारमान मोजतं, म्हणजे तापलेल्या मीटरमधून तेवढ्याच वायूचे दहा टक्के जास्त आकडे पडू शकतात. जमिनीखालून येणारा वायू मीटरपर्यंत किती तापतो, हे मीटर सावलीत आहे की पश्चिमेच्या भिंतीवर, यावर ठरतं. पण दुप्पट? दुप्पट व्हायला वायू ३०० अंशांवर न्यावा लागेल.

पैशांबद्दल. मुंबईजवळच्या समुद्रातलं तेल-वायूचं क्षेत्र, मुंबई हाय, १९७४ साली सापडलं, हे खरं. पण समुद्रातून निघालेला वायू तसाच शेगडीत जात नाही. उरण, हजिरा इथे त्यातलं पाणी आणि गंधकाचे वायू काढतात, प्रोपेन-ब्युटेन वेगळे करतात. आणि एवढं करूनही देशाची जवळपास निम्मी गरज आयातीतून भागते. कतारसारख्या देशांतून तो उणे १६२ अंशांना द्रव करून जहाजानं येतो, तेव्हा त्याचं आकारमान सहाशेपट कमी झालेलं असतं. देशातल्या जुन्या क्षेत्रांच्या वायूचा भाव एप्रिल २०२३ पासून कच्च्या तेलाच्या भावाच्या १० टक्के ठरवला आहे आणि त्याला वरची मर्यादाही घातली आहे. नागपूरचं दुखणं अंतराचं होतं. २०२२ मध्ये इथे सीएनजी, म्हणजे गाड्यांत दाबून भरतात तो हाच वायू, १२० रुपये किलो झाला होता, कारण द्रवरूप वायू टँकरनं रस्त्यानं यायचा.

स्टुलावर चढून मी पुठ्ठा काढला. मागे जाळीत पारव्यानं आणलेल्या काड्या आणि वर्षाची काजळी होती, ती मावशीनं लगेच ओल्या फडक्यानं पुसून घेतली. तिचं मीटर पश्चिमेच्या भिंतीवरच आहे. मे महिन्यात दुपारी आणि पहाटे तिथे तापमापी लावून आकडे लिहून ठेवणार आहे, आणि बिल मीटरच्या आकड्यावर तसंच येतं की तो आकडा १५ अंशांच्या आकारमानात बदलून, हे कंपनीला लेखी विचारणार आहे.