भिंतीतली कोॲक्स उपटायची घाई कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: भिंतीतली कोॲक्स केबल (केबल टीव्हीच्या वायरीसारखी) धडधाकट असेल तर सीसीटीव्हीला ॲनालॉग कॅमेरेच (त्या केबलवरून चित्र पाठवणारे) ठेवा, असं माझ्या लेखात सांगून मी लोकांना मागे नेतोय, आयपी कॅमेऱ्याचं (कॉम्प्युटर नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या) चित्र केव्हाही जास्त स्पष्ट असतं, आयपी हॅक होतं ही उगाच घातलेली भीती आहे, आणि चेहराच ओळखू येणार नसेल तर ते रेकॉर्डिंग काय कामाचं?

आधी माझी चूक. लेखात मी सरसकट ‘ॲनालॉग’ म्हणत गेलो आणि दोन वेगळ्या पिढ्या एकाच नावाखाली टाकल्या. पाल या जुन्या टीव्ही पद्धतीच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साधारण ७०४ बाय ५७६ पिक्सेलचं. तुम्ही वैतागलात ते धूसर चित्र बहुधा त्याचंच, आणि ते कॅमेरे ठेवा असं मी कुणालाच सांगणार नाही. माझ्या डोळ्यासमोर होते ते एचडी-टीव्हीआय, एचडी-सीव्हीआय आणि एएचडी या नव्या पद्धतींचे ‘एचडी ॲनालॉग’ कॅमेरे. त्याच कोॲक्सवरून ते १९२० बाय १०८० चं चित्र आणतात, काही मॉडेल तर ८ मेगापिक्सेलचंही. हे लेखात स्वच्छ लिहायला हवं होतं. आजच दुरुस्ती करतो.

आता चेहरा, कारण तुमचा खरा मुद्दा तोच आहे. आयईसी ६२६७६-४ या सीसीटीव्हीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत, माणसाची ओळख पटवायची तर दृश्याच्या दर मीटर रुंदीला २५० पिक्सेल धरले आहेत. म्हणजे १९२० पिक्सेलचा कॅमेरा साडेसात मीटरच्या आसपास रुंदी सांभाळू शकतो, त्याहून जास्त नाही. केबल कुठलीही असो, हा हिशोब बदलत नाही.

मागे एका इमारतीतून सायकल चोरीला गेली, तेव्हा मला रेकॉर्डिंग बघायला बोलावलं होतं. कॅमेरा आयपी, ४ मेगापिक्सेलचा, २.८ मिमीच्या, रुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सचा, अख्खं आवार दिसावं म्हणून उंच कोपऱ्यात लावलेला. गेटपाशी त्याच्या दृश्याची रुंदी सुमारे ३० मीटर होती. २५६० भागिले ३०, म्हणजे मीटरला ८५ पिक्सेल; चेहऱ्याच्या वाट्याला जेमतेम १३. शर्टाच्या दुमडलेल्या बाह्या दिसत होत्या, सायकलचा रंगही कळत होता, आणि चेहऱ्याच्या जागी फिकट चौकोन. ज्यांची सायकल होती ते पुन्हा पुन्हा ‘झूम करा ना’ म्हणत होते. झूम केलं की चौकोन नुसता मोठा व्हायचा. पुढे त्याच गेटवर, जुन्याच कोॲक्सवर, ६ मिमीच्या, अरुंद दृश्य घेणाऱ्या लेन्सचा १०८० चा एचडी ॲनालॉग कॅमेरा डोक्यापेक्षा थोडा वर लावला. दृश्य ३ मीटरचं, मीटरला ६४० पिक्सेल. चष्म्याची दांडीसुद्धा दिसते.

म्हणून मी आधी जागा आणि लेन्स विचारतो, केबल मागाहून.

तुमचं बरोबर आहे तिथे अगदी बरोबर आहे. नवी इमारत असेल, भिंती उघड्या असतील, तर कोॲक्स ओढण्यात मलाही अर्थ दिसत नाही. कॅट ६ ही नेटवर्कची केबल टाका. पीओईमुळे (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देण्याच्या सोयीमुळे) वीज आणि चित्र एकाच केबलमधून जातं, फक्त १०० मीटरची मर्यादा सांभाळा.

हॅकिंगबद्दल आपण दोघंही थोडे चुकलो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) कंपनीने दिलेले पासवर्ड तसेच ठेवलेली असंख्य उपकरणं ताब्यात घेतली. त्यात आयपी कॅमेरे होते आणि डीव्हीआरही (कॅमेऱ्यांचं चित्र साठवणारे रेकॉर्डर) होते. तेव्हा भीती खोटी नाही. पण ॲनालॉग कॅमेऱ्याचा डीव्हीआर इंटरनेटला जोडला की तोही त्याच रांगेत येतो, हे मी लिहिलं नव्हतं. पासवर्ड बदला, फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत ठेवा, राऊटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडे ठेवू नका.

‘चित्रावर सारख्या रेषा येतात, सिस्टीमच बदलायची वेळ झाली’ असं तुम्हाला सांगितलं गेलंय, ते मात्र मला पटत नाही. आधी त्या कॅमेऱ्याचा बीएनसी कनेक्टर (कोॲक्सच्या टोकाचा जोड) काढून बघा. आतली तांब्याची जाळी पाणी लागून हिरवी पडलेली असते. दोन इंच केबल कापून नवा कनेक्टर दाबून बसवला (क्रिम्प केला) की चित्र स्थिर झालेलं मी अनेकदा पाहिलंय. दिवसा ठीक आणि अंधार पडला की बंद, अशी तक्रार असेल तर कॅमेऱ्याच्या टोकाला व्होल्टेज मोजा, तेही इन्फ्रारेड दिवे लागल्यावर. लांब वायरीत १२ व्होल्टचे १० झालेले असतात.

तुमच्याकडे नऊ जुने कॅमेरे आहेत आणि पार्किंगमध्ये तीन नवे हवेत. मी असं करेन: दोन्ही प्रकार घेणारा हायब्रिड रेकॉर्डर, जुन्या केबलवर नऊ एचडी ॲनालॉग कॅमेरे, आणि पार्किंगला कॅट ६ ओढून तीन आयपी. प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) धरले तर बारा कॅमेरे दिवसाला सुमारे ५१८ जीबी लिहितात, म्हणजे ४ टीबीची डिस्क आठवड्याभरात भरते. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर आताच १६ टीबीची सोय बघा. आणि पैसे चुकते करण्याआधी रात्री कुणाला तरी गेटमधून नेहमीच्या चालीने आत यायला सांगा, रेकॉर्डिंग तिथेच थांबवा आणि चेहरा ओळखता येतो का ते स्वतः बघा.