सह्याद्रीतला ‘हमिंगबर्ड’ आणि चार चुका

सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. फुलापुढे तरंगणाऱ्या जिवाचा व्हिडिओ आणि खाली मजकूर: ‘सह्याद्रीत दिसला हमिंगबर्ड! अंगठ्याएवढा, रत्नासारखा चमकणारा. फक्त मध पितो. पाय नसल्याने कायम उडत राहतो.’

सह्याद्रीत? हमिंगबर्ड हे इवले पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतात. व्हिडिओ थांबवून तोंड बघा. डोक्यावर मिशा आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली जाणारी सोंड असेल, तर तो हॉक मॉथ, म्हणजे पतंग हा कीटक. चोच असेल तर शिंजीर (सनबर्ड), आपल्याकडचा छोटा पक्षी. शिंजीर बहुधा देठाला धरून बसतो, पण क्षणभर तरंगतोही. नुसत्या तरंगण्यावर जाऊ नका.

आणि सगळेच हमिंगबर्ड चमकत नाहीत. दक्षिण मेक्सिकोपासून पश्चिम इक्वेडोरपर्यंतच्या दमट जंगलात, झाडांच्या सावलीत वावरणारा लाँग-बिल्ड हर्मिट घ्या. पाठ हिरवट-तपकिरी, पोट मळकट, डोळ्यावर काळा पट्टा, चोच लांब आणि खाली वाकलेली, शेपटीची मधली दोन पिसं लांब, टोकाला पांढरी. चोचीपासून शेपटीपर्यंत जवळपास चिमणीएवढा, वजन मात्र ६ ग्रॅमच्या आसपास.

‘फक्त मध’ ही सगळ्यात मोठी चूक. मुळात मध मधमाश्या करतात. फुलात असतो तो मकरंद. हर्मिट एका झाडावर हक्क सांगून बसत नाही, विखुरलेल्या हेलिकोनियांची रोज फेरी मारतो. कोकणातल्या बागांमध्येही हेलिकोनिया लावतात. त्याचं लालभडक, नावेसारखं दिसतं ते फूल नव्हे. खरी फुलं त्या नावेच्या आत असतात आणि एकेक फूल जेमतेम दिवसभर टिकतं. म्हणून फेरी चुकवून चालत नाही. पण मकरंद म्हणजे साखरेचं पाणी, त्यात प्रथिनं नावापुरती. ती गरज भागवायला हर्मिट जाळ्यातले कोळी आणि बारीक किडे टिपतो. पिल्लांची वाढ तर त्यांच्याशिवाय होणारच नाही.

आणि पाय? आहेत की! हमिंगबर्डच्या गणाचं नाव अपोडिफॉर्मिस, ग्रीकमध्ये अर्थ ‘पाय नसलेले’; गैरसमज बहुधा तिथून आला. पाय चालायला कुचकामी, फांदी धरायला पुरेसे. हर्मिटचे नर झुडपांत एकत्र जमून, ठरलेल्या बुटक्या काटक्यांवर बसून तासन्‌तास गातात. ती जागा बळकवायला दुसरा नर आला की टोकदार चोचीने थेट गळ्यावर वार होतात.