सात फूट चार इंच आणि तरी 'अजून कच्चा'

घरच्या ग्रुपवर पृथ्वी शॉचं नाव निघालं की दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते पोरगा दैवी देणगी घेऊन आलेला, राजकारणाने खाल्ला. दुसरी म्हणते पैसा आला, डोक्यात हवा गेली, संपला विषय. २०१३ ला हॅरिस शील्डमध्ये त्याने ५४६ ठोकले तेव्हा ह्याच दोन पार्ट्या एकत्र नाचत होत्या, आणि २०१८ ला राजकोटला पहिल्याच टेस्टमध्ये १३४ केल्यावर तर विचारूच नका, पुढचा सचिन वगैरे सगळं बोलून झालं. मी इकडे इंडियानात बसून ते वाचतो आणि दर वेळी एकच खटकतं, की त्याला नेमकं काय जमत नव्हतं हे कुणीच बोलत नाही. बॅट आणि पॅडमधली गॅप. डिसेंबर २०२० ला ॲडलेडमध्ये रिकी पॉन्टिंग कॉमेंट्रीत सांगत होता की आत येणाऱ्या बॉलला ह्याची तिथे मोठी गॅप पडते, आणि लगेच स्टार्कने तिथूनच दांडी उडवली. पॉन्टिंग तेव्हा आयपीएलमध्ये दिल्लीचा कोच, म्हणजे पृथ्वीचाच कोच. आपल्याकडे त्यावर चर्चा काय झाली, तर पॉन्टिंग किती ग्रेट ज्योतिषी.

हे सगळं आठवायचं कारण झॅक ईडी नावाचा बास्केटबॉल खेळाडू. (हो, आडनाव ईडीच आहे, आपल्याकडे नुसतं ऐकून लोक फायली लपवतील.) आमच्या इकडे पर्ड्यू युनिव्हर्सिटी आहे, आपली मराठी पोरं मास्टर्सला येऊन पडतात ती. बाहेरच्यांना ती इंजिनिअरिंगसाठी माहीत, पण थंडीत गावाला वेड असतं ते कॉलेज बास्केटबॉलचं. पर्ड्यूच्या मॅकी अरीनात १४ हजारांवर माणूस बसतो, कॉलेजच्या पोरांची मॅच बघायला! आपल्याकडे रणजीलासुद्धा स्टँड रिकामे असतात, त्यामुळे इथे नवीन आलेल्या माणसाला हा प्रकार आधी कळतच नाही.

तर ईडी. कॅनडाचा, टोरंटोचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळलेला, बास्केटबॉलला हात लावला तोच मुळी दहावीच्या आसपास. पर्ड्यूने २०२० ला घेतला तेव्हा देशातल्या पोरांच्या रँकिंगमध्ये तो चारशेच्याही खाली होता. उंची ७ फूट ४ इंच, वजन १३५ किलोच्या घरात. पहिल्या वर्षी मॅचला जेमतेम नऊ पॉइंट, दुसऱ्या वर्षी साडेचौदाच्या आसपास आणि तेही साधारण निम्मी मॅच खेळून, कारण कोच मॅट पेंटर त्याला ट्रेव्हियन विल्यम्स नावाच्या सीनियरबरोबर वाटून खेळवायचा. तिसऱ्या वर्षी बावीसच्या वर पॉइंट, तेराच्या आसपास रिबाउंड (म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं), आणि देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. सरळ रेषेत वर जाणारा ग्राफ.

आता हेच आपल्याकडे असतं तर? मिरवणूक. होर्डिंग, नगरसेवकाच्या फोटोसकट.

इथे काय झालं, तर मार्च २०२३ ला देशभरातल्या कॉलेज टीमच्या नॉकआउट स्पर्धेत पर्ड्यू पहिल्या सीडची, म्हणजे पहिल्या मानांकनाची टीम असून सोळाव्या सीडच्या फेअरले डिकिन्सनकडून ६३-५८ हरली. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाच झालं होतं, २०१८ ला. आणि समोरची टीम कशी, तर पूर्ण डिव्हिजन वनमधली, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या गटातली, सगळ्यात बुटकी! त्यांनी ईडीच्या पुढे एक आणि मागे एक माणूस उभा केला, त्याच्यापर्यंत बॉल पोचूच द्यायचा नाही, आणि बाहेरून पर्ड्यूच्या पोरांनी २६ थ्री (लांबून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारले त्यातले ५ गेले. ईडीने तरी २१ पॉइंट आणि १५ रिबाउंड काढले. दुसऱ्या दिवसापासून रेडिओवर, पेपरात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे एकच विषय, हा एनबीएत, म्हणजे इथल्या प्रोफेशनल लीगमध्ये, चालेल का. आणि बहुतेकांचं उत्तर होतं, नाही, अजून कच्चा आहे.

मला पहिल्यांदा राग आला होता, वीस वर्षाचं पोरगं, देशात पहिलं आलंय आणि तुम्ही काय बोलताय. पण नीट ऐकलं तर कोणी 'संपला' म्हणत नव्हतं आणि 'माजला' पण म्हणत नव्हतं. ते बोलत होते पायांबद्दल. म्हणजे असं, की आजच्या एनबीएत सगळी टीम थ्री मारते, पिक अँड रोल करून (एक जण आडवा उभा राहून वाट अडवतो आणि मग बास्केटकडे पळतो) समोरचा चपळ गार्ड, म्हणजे बॉल घेऊन खेळणारा छोटा खेळाडू, मुद्दाम तुमच्या उंच माणसाला बास्केटपासून लांब ओढतो, तिथे त्याला आडवं सरकता आलं पाहिजे, आणि ईडी तिथे उशिरा पोचतो म्हणून मागे बास्केटजवळच थांबतो, मग गार्डला मधल्या अंतरावरून आरामात शॉट मिळतो. दुसरं, स्वतः बाहेरून शूट करत नाही. तिसरं, स्टॅमिना, शेवटच्या दहा मिनिटांत वाकलेला दिसतो. आणि दोन बाजूंनी घेरल्यावर पास लवकर सुटत नाही. ही झाली खरी यादी, जी घेऊन पोरगा उद्या सकाळी जिममध्ये जाऊ शकतो. 'डोक्यात हवा गेली' हे घेऊन कुठे जाणार?

भीती पण खोटी नव्हती. कॉलेजचा राजा असलेला उंच माणूस एनबीएत लागत नाही हे इथे नवीन नाही. लुका गार्झा २०२१ चा सर्वोत्तम कॉलेज खेळाडू, ड्राफ्टमध्ये (एनबीए टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ५२ वा. ऑस्कर त्शिब्वे २०२२ चा सर्वोत्तम, २०२३ च्या ड्राफ्टमध्ये कुणी नावच घेतलं नाही. आणि पहिली फेरी की दुसरी हा मानापमानाचा विषय नाही, पहिल्या फेरीत गेलात तर कॉन्ट्रॅक्ट गॅरंटीड, दुसऱ्या फेरीत तशी हमी नाही.

इथे एक सोय मला फार आवडते. पोरगा ड्राफ्टला नाव देऊ शकतो, एनबीए टीमच्या ट्रेनिंगला जाऊ शकतो, त्यांच्याकडून तोंडावर ऐकून घेऊ शकतो की तू सध्या कुठे आहेस, आणि मग ठरलेल्या तारखेच्या आत नाव मागे घेऊन परत कॉलेजात खेळू शकतो. ईडीने २०२३ ला हेच केलं. बहुतेक अंदाज दुसऱ्या फेरीचे, मे महिना संपता संपता नाव मागे घेतलं आणि परत आला. त्या उन्हाळ्यात कॅनडाच्या टीमबरोबर वर्ल्ड कपला गेला, तिथे बराचसा वेळ बेंचवर, एनबीएवाल्यांच्या शेजारी. कॅनडाला ब्राँझ मिळालं, अमेरिकेला हरवून.

आणि आता ती गोष्ट, जी आपल्या लोकांना इथल्या गोऱ्या शेजाऱ्यापेक्षा लवकर कळेल. २०२१ पासून इथे कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर पैसे कमवायची परवानगी आहे. कुणी गाड्यांच्या शोरूमची जाहिरात करतो, कुणी पिझ्झाची. ईडी देशातला एक नंबरचा खेळाडू, पण तो कॅनेडियन, एफ-१ व्हिसावर. स्टुडंट व्हिसावर कॅम्पसबाहेर असं काम करायचं नाही! त्यामुळे त्याच्याच टीममधली अमेरिकन पोरं कमावतायत आणि ह्याचे हात बांधलेले. आपल्यातल्या ज्यांनी एफ-१ वर लायब्ररीत किंवा डायनिंग हॉलमध्ये आठवड्याचे २० तास मोजून भांडी घासलीत त्यांना वेगळं समजवायला नको. म्हणजे परत येण्यात त्याला खिशाला मोठी खोट होती, आणि तरी आला. म्हणून ह्या निर्णयाचं मला जास्त कौतुक आहे, शेवटच्या वर्षी पडलेल्या पॉइंटांपेक्षा.

पॉइंट पण पडलेच म्हणा. चौथ्या वर्षी मॅचला पंचवीसच्या वर, आणि महत्त्वाचं म्हणजे चाळीसातली बत्तीस मिनिटं खेळून. टेनेसीविरुद्ध ४० पॉइंट आणि १६ रिबाउंड, पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारात. गाव वेडं झालं होतं. फायनलला ८ एप्रिल २०२४ ला यूकॉनने (कनेक्टिकट युनिव्हर्सिटीने) ७५-६० हरवलं, आणि कसं हरवलं ते बघा, त्यांनी ईडीला घेरलंच नाही. घे, मार किती मारायचे ते, आम्ही बाकीच्यांना धरतो. ईडीने ३७ मारले, पूर्ण टीमने मिळून थ्री टाकले फक्त ७ आणि गेला एक. म्हणजे एका वर्षापूर्वी घेरून हरवलं आणि आता मोकळा सोडून हरवलं. ह्यात त्याचा दोष किती आणि टीमचा किती ह्यावर माझ्या ऑफिसात अजून भांडणं होतात. माझ्या मते टीमचा जास्त, पण मी पर्ड्यूवाला, माझं काय ऐकता.

सलग दुसऱ्या वर्षी तोच सर्वोत्तम खेळाडू, असं राल्फ सॅम्पसननंतर पहिल्यांदाच, म्हणजे चाळीस वर्षांनी. जून २०२४ ला मेम्फिसच्या एनबीए टीमने ड्राफ्टमध्ये नवव्या नंबरवर घेतला, बरेच जण चक्रावले. पहिल्या सीझनला नवोदितांच्या पहिल्या टीममध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंतल्या सर्वोत्तम पाचात. बाहेरून थ्री पण मारायला लागला, रोज नाही पण मारतो. पाय मात्र अजून तसेच, फाउल पटकन लागतात, आणि २०२५ च्या जूनला घोट्याचं ऑपरेशन झालं. इतक्या वजनाच्या माणसाचा घोटा ही मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

आता कुणी म्हणेल अमेरिकेचं कौतुक पुरे. तर अजिबात नाही. इथे वीस वर्षाच्या पोराच्या शरीरावर लोक इतकं उघड बोलतात की गुरांचा बाजार वाटतो, परक्या गावात ईडीला जे ऐकावं लागायचं ते इथे लिहिण्यासारखं नाही. आणि कॉलेजातून एनबीएत पोचणारे साधारण शंभरात एक. बाकीचे नव्व्याण्णव? त्यांच्या हातात निदान बऱ्याचदा डिग्री असते, आणि खरा फरक मला तिथे दिसतो. आपल्या आईबापांना 'खेळाने पोट भरतं का' विचारतात म्हणून मागास म्हणणं सोपं आहे, पण त्यांचा प्रश्न रास्त आहे, पडलं पोरगं तर खाली काय आहे? दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ वाढीव गुण आणि सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण, एवढ्यावर कुठला बाप गुडघ्याच्या ऑपरेशनची रिस्क घेईल.

पण दोष सांगायला पैसे लागत नाहीत ना. मुंबईत नागपाड्याच्या बास्केटबॉल कोर्टवर कोच बच्चूखानांनी काय मोठं बजेट घेऊन पोरं घडवली का? सिमेंटचं कोर्ट आणि तोंडावर बोलणारा माणूस, एवढ्यावर तिथून इंडिया खेळलेली पोरं निघाली.

माझा भाचा पुण्यात इंटरकॉलेज बास्केटबॉल खेळतो, सहा फूट तीन, डावा हात अजिबात चालत नाही हे मला व्हिडिओ कॉलवर पण दिसतं. ताईने विचारलं, ह्याला एक वर्ष देऊ का खेळाला, का सरळ सीईटीचा क्लास लावू. मी म्हटलं आधी कोचला विचार ह्याला काय काय येत नाही, कागदावर लिहून माग, आणि सहा महिन्यांनी तोच कागद परत बघ. तिने विचारलं. कोच म्हणाले, "मॅडम, मुलगा खूप टॅलेंटेड आहे, काळजीच करू नका."

ताईने क्लासची फी भरली.