आधी तिकडचा रोजचा दिवस शिकवा
इंग्रजीबरोबर इंग्रजी बोलणाऱ्या देशांची संस्कृतीही पहिलीपासून शिकवावी, असं एका लेखात वाचलं आणि ते मनापासून पटलं. पण त्यासाठी लेखात हॅलोविन-ख्रिसमसच्या पार्ट्या सुचवल्या आहेत, तिथे माझा आक्षेप आहे. मी बडोद्यात दांडिया बाजारला तिसरी-चौथीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. घरात मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी अशी ही मुलं. भोपळ्याचा मुखवटा लावून फोटो छान काढतात. पण तिकडची त्यांच्याएवढी मुलं डब्यात काय नेतात, बाईंना काय हाक मारतात, डिसेंबरात लंडनमध्ये चारच्या सुमारासच सूर्य मावळतो तेव्हा खेळतात कुठे, हे त्यांना कुणी सांगतच नाही. खरं कुतूहल तर तिथेच असतं!

सण घ्यायचाच तर बोनफायर नाइट घ्या. १६०५ साली पार्लमेंट उडवून देण्याचा कट फसला, म्हणून ५ नोव्हेंबरला इंग्लंडमध्ये शेकोट्या पेटतात, जुन्या कपड्यांत कागद-पेंढा भरून केलेला, त्या कटातल्या गाय फॉक्स नावाच्या माणसाचा पुतळा जाळतात. हे ऐकून एक मुलगा ताडकन उठला, “टीचर, ही तर होळीच!” मग होलिकेची गोष्ट त्याने इंग्रजीत सांगितली. अडखळत, मध्येच गुजराती ‘पछी’ (मग) घालत, पण शेवटपर्यंत सांगितली. उत्तरायणातली (म्हणजे संक्रांतीतली) फिरकी, मांजा, गच्चीवर बसून खाल्लेलं उंधियू हेही मुलांना इंग्रजीत सांगता यायलाच हवं. त्यासाठी तासातली दहा मिनिटं तरी राखून ठेवावीत, अशी सगळ्या शिक्षकांना कळकळीची विनंती.