‘वीस जणांवरचा अभ्यास’ आणि १५० मिनिटं : एका प्रतिक्रियेला उत्तर

अपंगत्व आणि व्यायाम या लेखावरचे तुमचे आक्षेप आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचकांनाही धागा सापडेल. तुमचं म्हणणं असं: या विषयावरचे बहुतेक अभ्यास पंधरा-वीस माणसांवर झालेले असतात, त्यातही खेळाडूच जास्त, आणि तरी मी सरसकट ‘आठवड्याला १५० मिनिटं’ असं लिहिलं. दिवसभर हातांनी व्हीलचेअर ढकलणाऱ्याचे खांदे आधीच झिजतात, त्यात व्यायामाची भर कशाला? तुम्ही भावाचं उदाहरण दिलंत. वय ३०, मानेत सी७ पातळीला मज्जारज्जूची पूर्ण इजा. ट्रेनरने नाडी १३३ च्या वर न्यायला सांगितली, ती काही केल्या १२० च्या पुढे जात नाही, आणि आता तो स्वतःलाच आळशी समजू लागला आहे. पुरावा नसताना व्यायामाचा आग्रह धरणं म्हणजे दोष अपंग माणसाच्याच माथी मारणं, हा तुमचा निष्कर्ष.

भावापासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यांत तातडीचं आहे. तो आळशी नाही, त्याला दिलेला आकडा चुकीचा आहे. हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसा मज्जारज्जूच्या छातीतल्या वरच्या भागातून, साधारण टी१ ते टी४ मधून, निघतात. इजा त्याच्या वर आणि पूर्ण असेल तर ‘वेग वाढव’ हा मेंदूचा निरोप हृदयापर्यंत पोचतच नाही. ठोके वाढतात ते व्हेगस नसेने धरलेला लगाम सैल होतो म्हणून, आणि ते बहुधा ११० ते १३० च्या आसपास येऊन थांबतात. ‘२२० वजा वय’ केलं की ३० व्या वर्षी १९० येतात, त्याचे ७० टक्के १३३. हे गणित बरोबर आहे, पण ते त्याच्या शरीराचं नाही. १२० ला तो बहुधा जीव तोडून काम करत असतो. डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींचेही कमाल ठोके या सूत्रापेक्षा बरेच खाली असतात, तिथेही हीच चूक रोज होते.

मग जोर मोजायचा कसा? दमाच्या ० ते १० च्या पट्टीवर. ० म्हणजे स्वस्थ बसणं, १० म्हणजे आता अजिबात शक्य नाही. मध्यम व्यायाम म्हणजे ५-६: वाक्य बोलता येतं, गाणं म्हणता येत नाही. नाडी मोजणारं घड्याळ काढून ठेवलं तरी चालेल.

घड्याळाचा विषय निघालाच आहे, तर अभ्यासांच्या दर्जाबद्दलचा तुमचा मुद्दा इथेच घेतो, कारण दोन्हींचं मूळ एक आहे. हालचाल मोजणारी यंत्रं चालणाऱ्या माणसांवर बेतलेली आहेत. कमरेला लावलेलं यंत्र व्हीलचेअरवरच्या माणसाला दिवसभर ‘बसून आहे’ असंच नोंदवतं. मनगटावर लावलं तर बोलताना केलेले हातवारेही व्यायामात जमा होतात. त्याहून खोलवरची चूक ‘मेट’ या एककात आहे. विश्रांतीत शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं असं धरून त्याला १ मेट म्हणतात. मज्जारज्जूच्या इजेनंतर पायांचे आणि धडाचे स्नायू रोडावतात, म्हणून तोच आकडा २.७ च्या आसपास येतो. आता एखादा माणूस खुर्ची ढकलताना ८.१ मिलिलिटर वापरतो आहे असं धरा. नेहमीच्या तक्त्यात ते २.३ मेट, म्हणजे ‘हलकी हालचाल’. त्याच्या स्वतःच्या हिशोबाने ते ३ मेट आहे आणि मध्यम व्यायामाची सुरुवात तिथूनच होते. माणूस तोच, घाम तोच, पण एका वहीत त्याची नोंद व्यायाम करणारा अशी होते आणि दुसऱ्या वहीत बैठा अशी. ‘अपंग व्यक्ती अमुक टक्के कमी सक्रिय’ असं विधान वाचलं की ते कोणत्या यंत्राने आणि कोणत्या तक्त्याने मोजलं हे आधी बघावं.

१५० मिनिटांबद्दल तुमचं बरोबर आहे आणि माझं लिहिणं अपुरं होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात पहिल्यांदाच अपंगत्व असलेल्या व्यक्तींचा स्वतंत्र विचार केला आणि प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय दोन किंवा जास्त दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम असं सांगितलं. पण त्याच मार्गदर्शनात थोडा व्यायामही अजिबात नसण्यापेक्षा बरा आणि सुरुवात थोड्यापासून करावी, असंही आहे. ते मी गाळलं. मज्जारज्जूच्या इजेसाठी २०१८ साली प्रसिद्ध झालेलं मार्गदर्शन तर बरंच वेगळं आहे. दम आणि ताकद वाढवायची असेल तर आठवड्यातून दोनदा किमान २० मिनिटं मध्यम ते जोरकस एरोबिक व्यायाम, आणि जे मोठे स्नायू काम करतात त्या प्रत्येकासाठी ताकदीच्या व्यायामाचे तीन-तीन सेट, तेही दोनदा. साखर, चरबी, हृदय यांच्यासाठी किमान ३० मिनिटं, तीनदा. म्हणजे सुरुवातीचा आकडा १५० नाही, ४० आहे. शून्यावर असलेल्या माणसाला १५० सांगणं आणि ४० सांगणं यात तो उद्या सुरू करेल की नाही एवढा फरक पडतो.

आता ‘पंधरा-वीस माणसं’. हे खरं आहे आणि त्याची कारणं आळसाची नाहीत. सारख्या पातळीची इजा, पूर्ण की अपूर्ण, होऊन किती वर्षं झाली, हे सगळं जुळणारी माणसं एका जागी मिळणंच कठीण. त्यातून कुणाला प्रयोगशाळेपर्यंत यायला वाहन नाही, कुणाला मध्येच मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा शय्याव्रण (सतत दाब पडून होणारी जखम) होतो आणि तो गळतो. २०१८ च्या मार्गदर्शनाआधी जो आढावा घेतला गेला त्यात २११ अभ्यास होते, आणि चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तसे काटेकोर प्रयोग त्यात फक्त २२. पण लहान अभ्यास काय सांगू शकतो आणि काय नाही, हे वेगळं करायला हवं. त्याच माणसाची ताकद किंवा ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता बारा आठवड्यांत वाढली का, हे वीस जणांत दिसतं. ठिकठिकाणच्या लहान अभ्यासांत उत्तर एकाच दिशेचं येत असेल तर त्यावर भरवसा ठेवता येतो, आणि दम व ताकद यांबाबत ते तसंच येतं. हृदयविकाराचे झटके कमी होतात का, आयुष्य वाढतं का, क्वचित होणारे अपाय कोणते, हे वीस जणांत कधीच कळणार नाही. इजा नुकतीच झालेल्यांबद्दल आणि हाडांच्या घनतेबद्दल पुरावा कमकुवत आहे. म्हणून ‘व्यायामाने हाडं मजबूत होतील’ असं पाय लुळे पडलेल्या माणसाला कुणी सांगत असेल तर थांबवा. ती हाडं ठिसूळ असतात आणि खुर्चीतून पलंगावर जाताना साध्या पिळानेही मोडू शकतात.

खेळाडूंबद्दलचा तुमचा आक्षेप एका प्रकारच्या अभ्यासांना पुरेपूर लागू होतो. खेळणारे आणि न खेळणारे शेजारी ठेवून ‘खेळणारे जास्त आनंदी’ म्हणणं. जो आधीच निरोगी, ज्याच्याकडे वाहन आणि खेळाची खुर्ची, तोच मैदानावर पोचतो. आनंद खेळामुळे की खेळ आनंदामुळे, हे तिथून कळत नाही. पण सगळं संशोधन असं नाही. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण झिजवणारा आजार) रुग्णांना कित्येक दशकं ‘दमू नका’ असाच सल्ला होता, कारण अंग तापलं की त्यांची लक्षणं तात्पुरती वाढतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अशा ५४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि एकाला १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं व्यायाम दिला. त्यांचा दम आणि ताकद वाढली. ती माणसं खेळाडू नव्हती. सेरेब्रल पाल्सीतही (लहानपणी मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) ताकदीच्या व्यायामाने स्नायूंचा ताठरपणा वाढेल ही भीती प्रयोगांत खरी ठरली नाही. मात्र ताकद वाढली म्हणून चालणं सुधारतंच असंही नाही, आणि हे पालकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला हवं.

दोष माथी मारण्याबद्दल. ‘लॅन्सेट’मध्ये २०२१ साली आलेल्या आढाव्यानुसार अपंगत्व असलेल्या व्यक्ती शिफारशीइतका व्यायाम करण्याची शक्यता इतरांपेक्षा १६ ते ६२ टक्के कमी आहे. हा आकडा इच्छाशक्तीचा म्हणून वाचणं हा अन्याय आहे. व्यायामशाळेच्या दारात पायरी, स्वच्छतागृहाचं दार खुर्चीपेक्षा अरुंद, यंत्राची बैठक न निघणारी, आणि ट्रेनरला ‘२२० वजा वय’ एवढंच ठाऊक. यातली एक गोष्ट जरी आडवी आली तरी वीस मिनिटांचा व्यायाम होत नाही. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. पण त्यावरून ‘मग आग्रहच नको’ हा निष्कर्ष मला मान्य नाही, कारण व्यायाम न करण्याची किंमत त्याच माणसाला मोजावी लागते: दम कमी म्हणून पलंगावर सरकणं जड, ते जड म्हणून परावलंबन जास्त.

खांद्यांचं दुखणं खरं आहे. सेकंदाला एक ढकल आणि एक मीटर अंतर धरलं तर किलोमीटरला हजार ढकला होतात. पण झीज कशी होते ते जवळून बघा. वाईट ढकल अशी: हात कडीवर (चाकाला बाहेरून लावलेलं, ढकलायचं कडं) थोडाच वेळ, झटका देऊन सुटतो आणि कडीवरूनच मागे येतो. टकटक, टकटक, अंतर कमी आणि ढकला जास्त. चांगली ढकल लांब आणि सलग असते. हात कडीच्या वरच्या टोकाला असताना कोपर १०० ते १२० अंशांत वाकलेलं, तिथून कडीला धरून पुढे-खाली नेणं, मग हात सोडून कडीच्या खालून, आसाच्या जवळून अर्धवर्तुळात मागे. कोपराचा कोन जमत नसेल तर बैठक उंच किंवा खोल आहे. चाकात हवा कमी असेल तर प्रत्येक ढकलेला जोर जास्त लागतो. मागच्या चाकाचा आस थोडा पुढे घेतला की खुर्ची हलकी चालते, पण मागे कलंडण्याचा धोका वाढतो, म्हणून हे थोडंथोडं आणि मागे कुणी उभं असताना करायचं.

ढकलताना छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू राबतात, मागचे नाही. व्यायामाने नेमका हा तोल सावरायचा. खालचं अंग लुळं आणि खांदे दुखणारे, अशा लोकांच्या एका प्रयोगात बारा आठवडे घरच्या घरी खांद्याचा व्यायाम आणि ढकलण्या-सरकण्याच्या सवयीत बदल एवढंच केलं, आणि दुखणं कमी झालं. रबरी पट्टा कोपराच्या उंचीवर बांधायचा, ब्रेक लावायचे, कोपर बरगडीला चिकटवून मनगट बाहेर न्यायचं. दुसरा प्रकार म्हणजे वल्हवल्यासारखं मागे ओढणं. ८ ते १० वेळा, तीन सेट. खांदा कानाकडे उचलला जाऊ लागला की पट्टा जास्त कडक आहे. वजन डोक्यावर ढकलण्याचे प्रकार दुखऱ्या खांद्याला टाळा. दमासाठी कडी ढकलण्यापेक्षा हाताने फिरवायचं पेडल चांगलं, कारण जोर सलग लागतो, झटक्याने नाही. त्याचा आस खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खाली हवा.

तर तुमच्या भावाची सुरुवात: डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून दोनदा हातपेडल, ५ मिनिटांचे चार तुकडे, मध्ये २ मिनिटं विश्रांती, दम ५-६. सी७ ला पकड कमकुवत असते, तेव्हा हात मुठीला मऊ पट्टीने किंवा मोज्याने बांधावा लागेल. पण काही बोटांना पट्टी कुठे रुतते हे कळणार नाही, म्हणून प्रत्येक तुकड्यानंतर सोडून बघा. विश्रांतीत पुढे वाकून दोन मिनिटं राहिला तर बुडाच्या कातडीला रक्त मिळतं. हातांवर क्षणभर उचलून घेण्याने ते पुरेसं होत नाही. घाम इजेखाली नीट येत नाही, त्यामुळे पंखा आणि चेहऱ्या-मानेवर पाण्याचा फवारा.

आणि हे कागदावर लिहून भिंतीला लावा. इजा टी६ किंवा त्यावर असेल (भावाची सी७ त्यातच येते) तर भरलेलं मूत्राशय किंवा पिळलेली लघवीची नळी यांनीही रक्तदाब एकदम उसळतो. त्याचा वरचा आकडा एरवी ९० ते ११० असेल तर १३० सुद्धा धोक्याची खूण. (काही खेळाडू कामगिरीसाठी हे मुद्दाम घडवत, आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर बंदी घातली आहे.) डोकं ठणकतं, चेहरा लाल, इजेच्या वर घाम: व्यायाम बंद, ताठ बसवा, पाय खाली, आडवं करू नका. पोटपट्टा, बूट, लघवीच्या पिशवीचे पट्टे सैल करा. नळी तपासा, मग आतडी, मग कातडी. दर २ ते ५ मिनिटांनी रक्तदाब बघा, उतरत नसेल तर लगेच रुग्णालय. चेहरा लाल नसून पांढरा पडला असेल आणि घेरी येत असेल तर रक्तदाब उतरला आहे. तेव्हा उलट करायचं: खुर्ची मागे कलती करून पाय वर. दोन्हींत गल्लत नको, म्हणून व्यायामाआधी मूत्राशय रिकामं करून रक्तदाब मोजायचा आणि तो आकडा त्याच कागदावर लिहायचा.